जुनी नोंद पुसू नये

दादरा-नगर हवेलीचा इतिहास म्हटला की आपल्याला १९५४ सालचा मुक्तिसंग्राम आठवतो. जुलैत दादरा आणि नरोली, २ ऑगस्टला सिल्वासा. सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे अशी मराठी माणसे त्या लढ्यात होती, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. मात्र त्यानंतरची एक लढाई कागदांवर झाली. तिची आठवण फारशी निघत नाही. सरकारी नोकरीत संगणकाचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला ती फार जवळची वाटते.

डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. दमणहून भारतीय मुलखातून नगर हवेलीत जाण्याचा आपल्याला हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे. आधार होता १७७९ सालच्या पुण्याच्या तहाचा आणि त्यानंतरच्या १७८३ व १७८५ च्या सनदांचा. न्यायालयापुढे तहाचे एकमेकांशी न जुळणारे मजकूर आले. दोन्ही बाजूंनी मान्य केलेला एकच मजकूर कुठे आहे, असा भारताचा सवाल होता. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तह ग्राह्य धरला. पण पेशव्यांनी दिला तो गावांचा महसूल, सार्वभौम सत्ता नव्हे, असा अर्थ लावला. इंग्रजी अमदानीत पोर्तुगालची सत्ता मान्य झाली होती आणि नागरी वाहतुकीची वहिवाट होती, हेही न्यायालयाने मानले. सैन्य नेण्याचा हक्क मात्र नाकारला आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली त्यात काही गैर केले नाही, असे ठरवले. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कागदात नेमके कोणते शब्द होते, यावर एवढे सगळे अवलंबून होते.

एकाच कागदाच्या दोन प्रती फिरू लागल्या की खरी कोणती, हा प्रश्न येतोच. आपल्या पूर्वजांना तो ठाऊक होता. लांब पत्रासाठी कागदाला कागद जोडला की पाठीमागे जोडावर शिक्का उठवत, म्हणजे मधला तुकडा कोणी बदलू नये. मजकूर संपला तिथे ‘लेखनसीमा’ची मुद्रा, म्हणजे खाली कोणी ओळ वाढवू नये. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सचिवाकडे राजपत्रे तपासून अधिक-उणे दुरुस्त करण्याचे काम होते.

आपल्यापैकी अनेकांची गावाकडे थोडीफार जमीन आहे, त्यांना दुसरे उदाहरण लगेच पटेल. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने अधिकार अभिलेख आला. त्यातून पुढे रूढ झालेल्या हस्तलिखित सातबाऱ्यावर जुन्या मालकाचे नाव खोडून टाकत नसत, त्याला कंस करत आणि फेरफार क्रमांक लिहीत. तो क्रमांक घेऊन गाव नमुना ६ उघडला की बदल केव्हा आणि कशामुळे झाला ते कळते. कोणी हरकत घेतली तर ती नमुना ६-अ मध्ये चढते आणि तिचा निकालही तिथेच लिहिला जातो.

संगणकाच्या प्रोग्रॅमसाठी हीच सोय मार्क रोचकाइंड यांनी १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये केली. प्रत्येक वेळी झालेला बदल तेवढा साठवायचा. सोबत कोणी, केव्हा आणि का, हे लिहायचे. चुकांची नोंदवही म्हणून १९९८ मध्ये बगझिला आले. २००५ मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनी गिट तयार केले. त्यात प्रत्येकाजवळ पूर्ण इतिहासाची प्रत असते. गिट आणि बगझिला, दोन्ही फुकट मिळतात.

आणि तरीही मी ज्या ठिकाणी काम केले तिथे अजून जुनीपुराणी व्यवस्था चालू होती. एक फाइल एका वेळी एकालाच उघडता येई. उघडणाऱ्याची बदली झाली की फाइल त्याच्या नावावर अडकून पडे. मग लोक आपापल्या प्रती काढत: ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘नक्की फायनल’. तक्रारींची यादी वेगळीच. तिच्यात ‘निकाली’ एवढाच शेरा. कोणत्या बदलाने निकाली निघाली, ते कुठेच नाही. आज दुरुस्त केलेली हिशेबाची चूक सहा महिन्यांनी कोणाच्या तरी जुन्या प्रतीबरोबर परत येई. खिडकीपाशी कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसाला उत्तर मिळे, “सिस्टीममध्ये असेच दाखवते.” त्याची हरकत चढवायला तिथे नमुना ६-अ नव्हता.

चालते आहे ना, मग हात कशाला लावा, असे वरिष्ठ म्हणतात. त्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. ज्याला जुन्या व्यवस्थेची खाचखळगे माहीत आहेत तो एकच माणूस असतो आणि तोही निवृत्तीला टेकलेला. पण नेमके म्हणूनच तो असेपर्यंत काम उरकले पाहिजे. अशा वेळी दुसरी चूक हमखास होते: शेवटची प्रत तेवढी नव्या व्यवस्थेत टाकायची आणि मागचा पंधरा-वीस वर्षांचा इतिहास सोडून द्यायचा. म्हणजे फेरफार वही जाळून फक्त सातबारा ठेवण्यासारखे झाले! बदल, तारखा, शेरे, सगळे बरोबर न्यावे. जुन्या व्यवस्थांमधून बहुतेक वेळा ते नेता येते. त्याला वेळ लागतो, थोडे शिकावे लागते आणि वरून एक आदेश लागतो.

महाभारत सांगताना व्यासांनी गणरायाला अट घातली होती, अर्थ समजल्याशिवाय अक्षर लिहायचे नाही. बदल करणाऱ्या प्रत्येकाने शेऱ्याच्या रकान्यात ‘दुरुस्ती’ असा एकच शब्द न लिहिता कारण लिहावे. आपल्या नंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्याला आणि खिडकीपलीकडे उभ्या असलेल्याला त्याचाच आधार असतो.