दाढेच्या खळग्यातली गुठळी

दाढ काढून घरी निघालेल्या माणसाला दंतवैद्य हमखास बजावतात: आजचा दिवस जोराने थुंकू नका, खळखळून चूळ भरू नका, तंबाखूला तर शिवूसुद्धा नका. पण घरी आल्यावर पुष्कळांना वाटतं, तोंडात साकळलेलं रक्त म्हणजे घाणच, धुऊन टाकलेली बरी! मग दोन-तीन दिवसांनी ठणका कानापर्यंत जातो. गुठळी निघून गेलेली असते आणि खळग्यातले हाड उघडे पडलेले असते.

श्रोतेहो, या गुठळीची किंमत शास्त्रज्ञांनाही उशिराच कळली. इटलीत तुरीन येथे जूलिओ बिझ्झोझेरो यांनी १८८२ साली, दुखावलेल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटणाऱ्या इवल्याशा चकत्यांचे वर्णन केले. आपण त्यांना बिंबिका म्हणतो. गळती बुजवणे हेच त्यांचे काम, असे पुढे कितीतरी वर्षे मानले गेले.

१९७४ साली अमेरिकेत सिॲटल येथे रसेल रॉस व त्यांचे सहकारी माकडाच्या रोहिणीतील स्नायुपेशी काचेच्या बशीत वाढवीत होते. साकळलेल्या रक्ताला सुटणारे पाणी घातले की पेशी भराभर वाढत. बिंबिका आधीच काढून टाकलेल्या रक्ताचे पाणी घातले, तर त्या जागच्या जागी! त्यात बिंबिका मिसळल्या, आणि वाढ पुन्हा सुरू झाली. म्हणजे बिंबिका हे नुसते बूच नव्हे. पेशींना वाढायला लावणारी द्रव्ये, म्हणजे वृद्धिघटक, त्यांच्यात साठवलेले असतात.

मायामीचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी हे ज्ञान जबड्यापर्यंत आणले. गाठी काढल्यामुळे जबड्याचा तुकडाच गमावलेल्या ८८ रुग्णांवरील काम त्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केले. कमरेच्या हाडातला मगज जबड्यात भरताना काहींच्या बाबतीत त्यात रुग्णाच्याच रक्तातील बिंबिकांचा दाट द्रव मिसळला होता. तिथे हाड लवकर पक्के झाले. मात्र तो द्रव गोठवायला गाईच्या रक्तातले थ्रॉम्बिन लागे, आणि ते क्वचित एखाद्याच्या रक्ताला मानवत नसे.

२००१ साली फ्रान्समधील नीसचे डॉ. जोसेफ शुक्रून यांनी ही भानगडच काढून टाकली. रुग्णाचे थोडे रक्त घ्यायचे, त्यात काही घालायचे नाही, आणि लगेच यंत्रात फिरवायचे. दूध संघात साय वेगळी करणारे यंत्र पाहिलेल्यांना हे सहज उमगेल. सुमारे १० मिनिटांत तांबड्या पेशी तळाशी, पिवळसर पाणी वर, आणि मध्ये बिंबिका धरून ठेवणारी तंतूंची मऊ गुठळी! मात्र नळी यंत्रात घालायला उशीर झाला, तर सगळे रक्त तसेच गोठून बसते.

ही गुठळी हलकेच दाबून खळग्यात ठेवतात. खालची अक्कलदाढ काढल्यानंतर तिने दुखणे आणि कोरडा खळगा कमी होतो, असे बऱ्याच चाचण्यांत दिसले आहे. नवे हाड लवकर भरते का, याबद्दल मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. तसा छातीठोक दावा कुणी केला, तर जरा थांबून विचारावे. साध्या दाढेला या यंत्राची गरजच पडत नाही. तिथे खळग्यात आपोआप साकळते, तीच गुठळी हे काम करते. पहिला दिवसभर तिला कुणी हलवले नाही, म्हणजे झाले.