गारपीट आणि विमा

दिंडोरीकडील द्राक्षांचे मळे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस तेथील शेतकऱ्याचें भांडवल किती उघड्यावर असतें, हें सांगावयास नको. ऑक्टोबरांतील छाटणीनंतर घड धरूं लागतात, आणि त्याच सुमारास आभाळ फिरलें तर वर्षाची मेहनत घटकाभरांत मातीस मिळते. २६ नोव्हेंबर २०२३ रोजीं दिंडोरी व निफाड तालुक्यांत असेंच झालें. अशा वेळीं नुकसानीचा भार कोणीं सोसावा, या प्रश्नास आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे.

इंग्रजी अमदानींत सरकारचें उत्तर तगाई हें होतें; १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं तिला रूप आलें. पण तगाई हें कर्ज; आपत्ति ओसरली तरी ऋण उरतेंच. १९२० त म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्ती यांनीं पावसाचें मोजमाप प्रमाण मानून विमा द्यावा, असा विचार मांडला. पुढें १९७६ त आपले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनीं शेत सोडून प्रदेश हा घटक धरावा, असें प्रतिपादिलें. एकेका शेताचें उत्पन्न मोजणें खर्चाचें, शिवाय त्यांत लबाडीस वाव. टापूची सरासरी मात्र एकट्याच्या आळसानें वा युक्तीनें हालत नाहीं. १९७९ ची प्रायोगिक व १९८५ ची सर्वंकष योजना याच तत्त्वावर उभारली गेली.

तत्त्व उत्तम खरें. पण तें अवर्षणास शोभतें. गारपीट पट्ट्यानें येते. बांधाच्या अलीकडे घड गळून पडतात, पलीकडे पानही फाटत नाहीं. तेथें सरासरी काढली तर बुडालेल्याचें दुःख तरलेल्याच्या सुखांत विरून जातें. जर्मनींतील मेक्लेनबुर्गच्या जमीनदारांनीं १७९७ तच खास गारपिटीपुरता परस्पर विमा काढिला होता. आपल्याकडेही २०१६ च्या योजनेंत स्थानिक आपत्तीसाठीं शेतनिहाय पाहणी ठेविली, व ७२ तासांच्या आंत वर्दी देण्याचा नियम केला. द्राक्षांच्या हवामानाधारित विम्यांत मात्र गारपिटीसाठीं निराळा हप्ता भरावा लागतो.

हा जादा हप्ता चार निरभ्र वर्षें भरला कीं वायां गेलासा वाटतो. परंतु ज्या वर्षीं चोर आला नाहीं, त्या वर्षीचें कुलूप वायां गेलें असें कोणी म्हणत नाहीं. अर्थात् कुलूप वेळीं लागलेंही पाहिजे. पाहणीस विलंब झाला, भरपाई रेंगाळली, तर शेतकरी पुन्हां कर्जाच्याच दारीं उभा राहतो. आणि तगाईपासून विम्यापर्यंतचा हा सारा प्रवास त्याच्यापुरता व्यर्थ ठरतो, असें आम्हांस वाटतें.