ध्वजाचें मोजमाप आणि मराठवाड्याचे माग

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं देशभर तिरंगा चढला. परंतु नांदेड आणि लातूर हीं गांवें तेव्हां निजामाच्या राज्यांत होतीं, आणि तेथें तो उभारण्यास बंदी होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें शरणागति जाहीर केली, तेव्हां तो अडसर दूर झाला. पुढें त्याच मुलखांतील मागांवर ध्वजाची खादी विणली जाऊं लागली. या दोन गोष्टींना जोडणारा दुवा मात्र फारसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तो दुवा म्हणजे मानक.

घटना समितीनें २२ जुलै १९४७ रोजीं ध्वजाचें रूप ठरविलें. परंतु केशरी म्हणजे नेमका कोणता, सूत किती दाट असावें, उन्हापावसांत रंग किती टिकावा, हें केवळ ठरावानें कसें ठरणार? भारतीय मानक संस्था त्याच वर्षाच्या जानेवारींत स्थापन झाली होती. तिनें १९५१ मध्यें ध्वजाचें मानक प्रसिद्ध केलें व त्यास क्रमांक १ दिला. मेट्रिक मापें आल्यावर १९६४ सालीं त्यांत सुधारणा झाली. १९६८ सालीं पुन्हा झाली.

असें मानक कोणा एका तज्ज्ञाच्या टेबलावर जन्मत नाहीं. आधीं कोणीतरी गरज मांडावी लागते. विषय घेण्याजोगा ठरला म्हणजे समिति नेमावयाची. तींत माल करणारे, वापरणारे आणि शास्त्रज्ञ असे सर्व बसवावयाचे, म्हणजे कोणा एकाचें पारडें जड होत नाहीं. मग मसुदा लोकांपुढें ठेवून हरकती मागवावयाच्या. जागतिक मानक संघटनेचा नियम तर अधिक बोलका आहे. नव्या कामास दोन तृतीयांश मतें पडलीं तरी तेवढ्यानें भागत नाहीं. समितीच्या आकारानुसार निदान चार किंवा पांच देशांनीं आपले तज्ज्ञ प्रत्यक्ष कामास द्यावे लागतात. हात वर करणारे पुष्कळ असतात. हात लावणारे मिळाले, तरच काम सुरू होतें.

हें तत्त्व मराठवाड्यांत डोळ्यांनीं पाहतां येतें. लातूर जिल्ह्यांतील उदगीरच्या केंद्रांत ध्वजाची खादी विणली जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितींत ध्वज शिवले जातात. ध्वजाचीं नऊ मापें, लांबीरुंदीचें तीनास दोन हें प्रमाण, चक्राचे चोवीस आरे, हें सर्व कागदावर लिहिलेलें आहे. पण तो कागद खरा ठरतो तो विणकराच्या बोटांत.

३० डिसेंबर २०२१ रोजीं ध्वजसंहितेंत बदल होऊन यंत्रावरील व पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. त्यामुळें ध्वज घरोघरीं स्वस्त पोहोंचला, हें खरें. पण हातमागाच्या पोटावर त्याचा भार पडणार, हेंही उघड आहे. म्हणून मापें ठरविणारी समिति जेव्हां जेव्हां बसेल, तेव्हां तेव्हां एक खुर्ची उदगीरच्या विणकरासाठीं असली पाहिजे. ज्याला तें माप रोज पाळावयाचें आहे, त्याला वगळून ठरविलेलें माप फार काळ टिकत नाहीं.