पहिलटकरणीचं माहेर

आमच्या भागात लेकीला सातवा लागला, ओटी भरली, की माहेरचा माणूस तिला न्यायला येतो. पुढची बाळंतपणं कुठंही होवोत, पहिलं माहेरीच, असा दंडक. मराठी घरात डोहाळजेवण होतं, शेजारच्या कानडी घरात कुबसा. आपण माहेर म्हणतो त्याला ते तवरमने म्हणतात, बाळंतिणीला बाणंती, आणि आपले डिंकाचे लाडू त्यांच्याकडे अंटिन उंडी या नावानं डब्यात बसलेले असतात. गल्लीतली सुईण, त्यांची सूलगित्ती, मात्र एकच. ती दोन्ही घरांत जायची आणि कळा सोसणाऱ्या पोरीला तिच्या तिच्या भाषेत दटावायची. सीमाप्रश्नावर आजवर ढिगानं लिहून झालं आहे, पण बाळंतिणीच्या खोलीत बसून त्याच्याकडं कुणी पाहिल्याचं निदान माझ्या वाचनात नाही.

३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचना झाली तेव्हा चंदगड तेवढा वगळून बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याला जोडला गेला, आणि चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्यात गेला. आता हिशेब करून पाहा. त्या साली गणपतीनंतर चंदगडकडची एखादी सून पहिल्या बाळंतपणाला बेळगावात माहेरी आली असेल, तर ती निघाली तेव्हा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात चालली होती. ऐन दिवाळीत, १ नोव्हेंबरला, तिचं माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात गेलं. ती बाजेवर होती, तिला कुणी विचारलं नव्हतं.

पुढं १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आला. जन्माची नोंद जन्म होईल त्या ठिकाणी. नियम साधा आहे आणि योग्यही आहे. पण त्यामुळं आमच्याकडं एक गंमत झाली, गंमतच म्हणायची. थोरल्याचा दाखला आजोळचा, म्हणून कानडीत आणि इंग्रजीत. धाकटीचा सासरच्या गावचा, मराठीत. सख्खी भावंडं, एकाच ताटात जेवलेली, कागदावर दोन राज्यांची. थोरल्याला शाळेत घालताना हेडमास्तरांसमोर दाखला उलगडायचा आणि तो वाचून दाखवायला कुणीतरी सोबत न्यायचं, हे आमच्या घरातही झालं आहे.

सरहद्द तशी उशिरा आली. त्याच्या कितीतरी आधीपासून या वाटेवर बाळंतिणींचा प्रश्न उभा होता. निपाणीहून कोल्हापूर चाळीसएक किलोमीटर. तिथल्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आपण पुढं ज्याला सी.पी.आर. म्हणू लागलो तिथं, स्त्रियांच्या विभागासाठी १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली. त्यांची गोष्ट आपण शाळेत शिकतो, पण तिचं मूळ बाळंतपणात आहे हे घाईत सुटतं. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना पहिलं मूल झालं आणि ते जेमतेम दहा दिवस जगलं. त्यातून ही मुलगी फिलाडेल्फियाला गेली, ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाली, आणि प्रबंधाला विषयही घेतला तो प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. कोल्हापूरची जागा त्यांची वाट पाहत राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षांच्याही झालेल्या नव्हत्या. त्या रुग्णालयात पुढं डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी काम केलं. पण रुग्णालय कोल्हापुरात आणि बाळंतिणी खेड्यापाड्यांत. बैलगाडीच्या काळात ते अंतर फार मोठं होतं.

खेड्यात राहिली ती सुईण. तिला देव्हाऱ्यात बसवण्याची हल्ली एक फॅशन आहे, आणि त्याआधी तिला अडाणी ठरवण्याची होती. दोन्ही मला पटत नाहीत. पोटावरून हात फिरवून मूल आडवं आहे की उभं, हे ती सांगायची. पोरीचं भय घालवणं तिच्याइतकं कुणाला जमत नसे. पण नाळ कापायच्या विळ्यातून धनुर्वात शिरत होता, हेही खरं. आणि रक्त जाऊ लागलं तर 'घाण आहे, जाऊ दे' म्हणण्याची रीत बऱ्याच ठिकाणी होती. किती गेलं, हे भिजलेल्या फडक्यांवरून ठरायचं. जुन्या बायका सांगतात, 'मूल झालं, तिनं त्याचं तोंड पाहिलं, आणि दिवा लागायच्या आत गेली.' असलं एखादं नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यात निघेल.

निपाणीकडं आणखी एक गोष्ट होती, तंबाखूची. वखारीत तंबाखू निवडणाऱ्या आणि घरी सुपात पानं घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांना माहेरपण म्हणजे बुडालेली मजुरी. बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा हिंदुस्थानात पहिल्यांदा झाला तो आपल्याच मुंबई इलाख्यात, १९२९ साली. त्याच्या आदल्या वर्षी विधिमंडळात त्या विधेयकाच्या बाजूनं बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बाळंतिणीच्या विश्रांतीत साऱ्या समाजाचं हित आहे, म्हणून सरकारनंही त्याचा काही भार उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. पण तो कायदा कारखान्यातल्या बाईचा. घरात वळणारी बाई कामगार म्हणून कायद्यात आली ती १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं, म्हणजे पहिल्या कायद्यानंतर ३७ वर्षांनी. कायद्यात आली तरी वहीत नाव लागायला हवं. मजुरी हजार विड्यांमागं, त्यामुळं विड्या मोजणारा माणूस होता. तिचे महिने मोजणारा नव्हता.

मोजण्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो. सीमाभागाइतकी मोजदाद क्वचितच कुठल्या प्रदेशाची झाली असेल. कुठल्या गावात मराठी किती टक्के, कानडी किती, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ. १९६६ ला महाजन आयोग बसला, १९६७ ला अहवाल आला. महाराष्ट्राची मागणी ८१४ गावांची होती, पुढं ८६५ हा आकडा रूढ झाला, २००४ ला दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. एवढी माणसं मोजणाऱ्या जिल्ह्यात बाळंत होताना एका बाईचं रक्त किती जातं, हे मात्र कुणी मोजलं नव्हतं. ते मोजलं गेलं याच जिल्ह्यात, आणि त्याची दखल साऱ्या जगानं घेतली. आपल्याकडं अजून अनेकांना याचा पत्ता नाही.

बेळगावचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चं. तिथल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांबरोबर २००२ ते २००५ या काळात जिल्ह्याच्या खेड्यांत एक चाचणी घेतली. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबवायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन असतं, पण त्याला थंडावा लागतो आणि टोचणारं माणूस लागतं. मिसोप्रोस्टॉल ही मुळात पोटाच्या अल्सरसाठी निघालेली गोळी; ती स्वस्त, आणि फ्रीजशिवाय टिकते. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० बायका या चाचणीत होत्या. निम्म्यांना मूल झाल्याबरोबर सहाय्यक परिचारिकेनं, ज्यांना आपण नर्सबाई म्हणतो त्यांनी, ही गोळी दिली, आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. हे वाचताना आजही टोचतं. पण खेड्यातल्या बाळंतिणीला त्या काळी असलं कुठलंच औषध मिळत नव्हतं, नर्सबाईंजवळ ते नसायचंच, हेही ध्यानात घ्यायला हवं. २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. जादा रक्तस्राव शंभरात १२ बायकांना व्हायचा, तो गोळीनं साडेसहाच्या आत आला. अतितीव्र रक्तस्राव हजारात १२ वरून २ वर आला. २०११ ला जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

मला स्वतःला मात्र गोळीपेक्षा पिशवीचं अप्रूप अधिक. रक्त किती गेलं हे नेमकं कळावं म्हणून या चाचणीसाठी एक प्लास्टिकची चादर तयार केली होती. बाळंतिणीच्या अंगाखाली ती पसरायची. तिला खाली निमुळती पिशवी, पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. बस्स, इतकंच. बेळगावातच ती ताडून पाहिली तेव्हा दिसलं की नुसत्या नजरेनं केलेला अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा जवळजवळ एकतृतीयांशानं कमी भरतो. आणि हा अंदाज शिकल्यासवरल्या माणसांचा, दवाखान्यातला! मग फडक्यांवरून सांगणाऱ्या सुईणीला एकटीला कशाला दोष द्यायचा? अशाच खुणा असलेल्या पिशव्या वापरून, आणि रक्त जादा दिसताच सगळे उपचार एकदम सुरू करून, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बायकांवर चाचणी झाली. तिचे आकडे २०२३ ला आले: गंभीर परिणाम शंभरात ४.३ वरून १.६ वर.

खास पहिलटकरणींसाठीही बेळगावात असं एक काम झालं. पहिल्या खेपेला रक्तदाब चढण्याचा आणि त्यापायी दिवस पुरे होण्याआधीच मूल होण्याचा धोका अधिक असतो. २०१६ पासून सहा देशांत, त्यात भारतातल्या बेळगाव आणि नागपूर या दोन ठिकाणी, पहिलटकरणींना लवकरच्या आठवड्यांपासून रोज ॲस्पिरिनची लहानशी गोळी देऊन पाहिली. जवळजवळ १२ हजार बायका होत्या. वेळेआधी होणारी बाळंतपणं शंभरात १३.१ वरून ११.६ वर आली. आकड्यात फरक थोडका दिसतो. पण हे मूल ज्या घरातलं, त्या घराला तो थोडका नाही.

बापाबद्दल या सगळ्यात काहीच आलं नाही, याचं कारण रीतीतच आहे. बाळंतपण माहेरी, म्हणून बाप तिथं नसायचाच. बारशाला जावई यायचा, पाटावर बसायचा, मूल मांडीवर ठेवलं की अवघडायचा. आता तो प्रसूतिगृहाच्या दारात दिसतो. आत आशाताई एका दमात दोन्ही भाषांत बोलत असते, आणि हा बाहेर कानडी फॉर्म हातात धरून भरून देणारा शोधत असतो.

२०२१ ला करोनाच्या लाटेत कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आर.टी.पी.सी.आर. चाचणीचा दाखला सक्तीचा केला होता. कोगनोळीच्या नाक्यावर वाहनांची रांग लागायची. कोल्हापूरकडचे कितीतरी नवे बाप त्या दिवसांत दाखल्याची वाट पाहत होते. बायको निपाणीत नाहीतर बेळगावात माहेरी, आणि मूल अजून मोबाईलवरच पाहिलेलं. ज्यांना दाखला वेळेवर मिळाला ते बारशाला पोचले. बाकीच्यांच्या मुलांच्या कानात आत्यानं नाव सांगितलं ते फोनवरून, आणि इकडं पाळण्याशी मामी फोन धरून उभी होती.