कॉगशलचे विटांचे प्रार्थनामंदिर

एकदा हस्तगत झालेली विद्या समाजाच्या हातून सहसा निसटत नाही, अशी आपणां शिक्षकांची समजूत असते. क्रमिक पुस्तकेही तीच दृढ करतात. इंग्लंडातील एसेक्स परगण्यात, ब्लॅकवॉटर नदीकाठच्या कॉगशल गावी संत निकोलसचे एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. ते या समजुतीस छेद देते.

वीट भाजण्याची कला ब्रिटनमध्ये रोमन लोकांनी नेली. इ. स. ४१० च्या सुमारास त्यांची सत्ता संपली आणि भट्ट्याही विझल्या. पुढे कित्येक शतके तेथे वीट वापरली गेली, पण भाजली जात नव्हती म्हटले तरी चालेल! ओसाड रोमन नगरांतील विटा उपसावयाच्या आणि पुन्हा रचावयाच्या, हाच क्रम. सेंट ऑल्बन्सचे १०७७ मध्ये आरंभिलेले भव्य मठमंदिर घ्या, अथवा कॉगशलपासून जवळच असलेला कोलचेस्टरचा किल्ला घ्या. दोहोंतही हीच उसनवारी दिसते.

कॉगशलचा मठ राजा स्टीफन व राणी मटिल्डा यांनी ११४० मध्ये स्थापिला. ११४७ मध्ये तो सिस्टर्शियन पंथात सामील झाला. एसेक्समध्ये बांधकामास योग्य दगड नाही. आहे ती चिकणमाती आणि गारगोटी. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात मठासाठी नव्या विटा पाडल्या जाऊ लागल्या. रोमनोत्तर इंग्लंडातील सर्वांत जुन्या विटांत त्यांची गणना होते. ही विद्या पंथाच्या युरोपातील मठांकडून समुद्र ओलांडून आली असावी, असे मला वाटते.

१२२० च्या सुमारास मठाच्या द्वाराशी हे मंदिर उभे राहिले. आतल्या मठात सर्वांस मुक्त प्रवेश नसे. बाहेरच्या लोकांसाठी ही सोय. भिंती गारगोटीच्या, पण कोपरे आणि अरुंद, टोकदार खिडक्यांच्या चौकटी विटांच्या. खरी नवलाई येथेच आहे. रोमन वीट पातळ, फरशीसारखी. येथे मात्र चौकटींच्या घडणीबरहुकूम साचे करून विटा पाडल्या. पाथरवटाचे काम टाकीवाचून साधले! तेरचे त्रिविक्रम मंदिर ज्यांनी पाहिले असेल, त्यांस वीट हे केवळ दगडाअभावी पत्करलेले हलके साधन वाटणार नाही.

१५३८ मध्ये, आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत, मठ बरखास्त झाला. त्याचे मुख्य मंदिर नामशेष झाले. हे धाकटे टिकले, ते धान्याचे कोठार म्हणून. कोठाराला छप्पर शाकारावेच लागते, आणि छपराखाली भिंत वाचते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा जीर्णोद्धार झाला आणि तेथे पुन्हा उपासना होऊ लागली.