कोकनेरचे उन्हाळे आणि पेशीचा दरवाजा

डहाणू-तलासरीचा इतिहास म्हटला की आपण 1945च्या वारली उठावापासून सुरुवात करतो, आणि ते बरोबरच आहे. आज मात्र मी तिथल्या शेजारच्या पाण्याबद्दल बोलणार आहे.

तलासरीहून हायवेने मुंबईकडे निघालात की पालघर तालुक्यातल्या कोकनेर, हालोलीपासून गरम पाण्याचे झरे लागतात. कोकणात त्यांना उन्हाळे म्हणतात. ही रांग थेट राजापूरपर्यंत जाते. सगळ्यात गाजलेले वज्रेश्वरीचे, शिरसाड फाट्याला आत वळायचं. 1739मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि नवसाचं देऊळ उभं राहिलं, हे सगळे सांगतात. पण त्या पाण्यात कोण राहतं? राहतात हो, जंतू राहतात. मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांनी ते वाढवूनही पाहिलेत.

अंडं उकडलं की घट्ट होतं, कारण उष्णतेने त्यातलं प्रोटीन उलगडतं. मग या जंतूंचं का उलगडत नाही? 1969मध्ये टॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यातला असाच एक जंतू जगापुढे मांडला. त्याच्या उष्णता सोसणाऱ्या एन्झाइमवर पुढे पीसीआर उभं राहिलं. कोविडमध्ये नाकात घातलेली काडी आठवली ना? तीच चाचणी.

खरी अडचण पुढे होती. पेशीभोवती तेलकट पडदा असतो आणि त्यात प्रोटीनचे दरवाजे. साखर आत घ्यायची, नको ते बाहेर फेकायचं. अँटिबायोटिक लागू पडत नाही त्याचं एक कारण हेच, जंतू औषध बाहेर उपसून टाकतो. या दरवाजाचा आकार बघायचा तर तो साबणासारख्या रसायनाने पडद्यातून सोडवावा लागतो. आणि सोडवला की तो कोलमडतो.

रॉन काबॅक यांनी ई. कोलायच्या लॅक्टोज आत घेणाऱ्या दरवाजावर कितीतरी वर्षं घालवली. त्यात 417 दुवे. फक्त 154वा बदलला, सिस्टीनच्या जागी ग्लायसीन, आणि प्रोटीन उष्णतेला टिकू लागलं. 2003मध्ये त्याची रचना छापून आली. गंमत म्हणजे हा बदललेला दरवाजा साखर घट्ट धरतो, पण आत फारशी सोडत नाही. टिकाऊ झाला, कामाचा राहिला नाही! मला तर हा सौदा फार बोलका वाटतो. हलणारी गोष्ट पाहण्यासाठी आधी तिला थांबवावं लागलं.

2005मध्ये एरिक गोओ यांच्या गटाने उलटा रस्ता धरला. त्यांनी जवळजवळ उकळत्या पाण्यात जगणाऱ्या अॅक्विफेक्स जंतूचाच दरवाजा घेतला. (आपल्या उन्हाळ्यांचं पाणी तितकं तापत नाही.) हा दरवाजा आपल्या मेंदूतल्या सेरोटोनिनच्या दरवाजाचा लांबचा भाऊबंद. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या तिथेच बसतात. 2016मध्ये माणसाच्या त्या दरवाजाचीही रचना मिळाली, आत एस्सिटालोप्राम बसलेलं असताना. त्यासाठीही तीन दुवे बदलून त्याला आधी उष्णता सोसायला लावलं होतं.