फुलेको : फुटबॉल वर्ल्डकपचा लाडका शुभंकर वादात का सापडला?

२०१४ चा फुटबॉल वर्ल्डकप आठवतोय? यजमान ब्राझीलला जर्मनीने ७-१ ने हरवलं, तोच. त्या स्पर्धेत निळ्या कवचाचा, पिवळ्या अंगाचा एक हसरा प्राणी टी-शर्टपासून खेळण्यांपर्यंत सगळीकडे दिसत होता. त्याचं नाव फुलेको.

फुलेको नेमका कोण?

फुलेको म्हणजे तीन पट्ट्यांचा आर्माडिलो. स्थानिक नाव तातू-बोला. धोका जाणवला की तो आपल्याकडच्या खवले मांजरासारखा अंगाचा गोळा करतो आणि हुबेहूब चेंडू दिसतो. हा प्राणी फक्त ब्राझीलमध्येच सापडतो, तोही मुख्यतः ईशान्येकडच्या काटिंगा या कोरड्या, काटेरी जंगलात. एकेकाळी तो नामशेष झाला असंच मानलं जात होतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो पुन्हा सापडला.

'काटिंगा असोसिएशन' या संस्थेने त्याला शुभंकर करण्यासाठी मोहीम चालवली होती. फुटबॉल आणि इकॉलॉजी या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांपासून बनलेलं 'फुलेको' हे नाव २०१२ मध्ये लोकांच्या मतदानातून ठरलं. १७ लाखांहून जास्त लोकांनी मतं दिली.

मग वाद कशावरून?

पहिली ठिणगी पडली ती ऑक्टोबर २०१२ मध्ये. पोर्तो अलेग्री शहरातल्या चौकात उभारलेला हवेचा भलामोठा आर्माडिलो आंदोलकांनी खाली पाडला आणि पोलिसांशी झटापट झाली. सार्वजनिक जागा खासगी कंपन्यांना वापरायला देण्यावर त्यांचा राग होता.

पण खरा प्रश्न वेगळाच होता : ज्या प्राण्याच्या नावावर विक्री होतेय, त्याला काय मिळालं?

आयुसीएनच्या यादीत हा आर्माडिलो 'असुरक्षित' आहे. जंगल तोडून शेती आणि चराऊ कुरणं वाढली. शिवाय जे कवच त्याला इतर प्राण्यांपासून वाचवतं, तेच माणसापुढे घात करतं. गोळा होऊन बसलेला आर्माडिलो शिकारी सरळ हाताने उचलून नेतो.

एका गोलमागे १,००० हेक्टर

२०१४ मध्ये ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी 'बायोट्रॉपिका' या नियतकालिकात फिफा आणि सरकारला जाहीर आव्हान दिलं : स्पर्धेतल्या प्रत्येक गोलमागे काटिंगाचं १,००० हेक्टर जंगल संरक्षित करा.

स्पर्धेत १७१ गोल झाले. म्हणजे १ लाख ७१ हजार हेक्टर, मुंबई महानगराच्या हद्दीच्या जवळपास तिप्पट जमीन. तो प्रस्ताव कागदावरच राहिला.

पुढे काय झालं?

ब्राझील सरकारने २०१४ मध्येच या प्राण्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०१५ मध्ये पेर्नाम्बुको राज्याने तातू-बोलाच्याच नावाने अभयारण्य जाहीर केलं, सुमारे १ लाख १० हजार हेक्टरचं.

वर्ल्डकप महिन्याभरात संपला, फुलेकोची खेळणीही दुकानांतून गेली. काटिंगातला खरा आर्माडिलो मात्र अजूनही त्याच यादीत आहे.